मुलांच्या माहितीपर पुस्तकांचा मान

साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० साली सुरू झाला. मराठीतला पहिला मान अनिल अवचटांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ या पुस्तकाला मिळाला. सृष्टीची ओळख, पण गोष्टीच्या वाटेने, हे नावातच आले. गेल्या पाच वर्षांची यादी पाहा. २०२१ ‘जोकर बनला किंगमेकर’, २०२२ ‘पियूची वही’, २०२३ ‘छंद देई आनंद’, २०२४ ‘समशेर आणि भूतबंगला’, २०२५ ‘आभाळमाया’. तीन कादंबऱ्या, दोन कवितासंग्रह. पुस्तके गुणी आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण तारे, पूल, किडे, इतिहास, आपले शरीर अशा विषयांवर मुलांसाठी सरळ माहिती देणारे पुस्तक यात एकही नाही.

अकादमीकडे एका भाषेला वर्षाला एकच पुरस्कार. तिथे माहितीचे पुस्तक कादंबरीशी झगडणार आणि बहुधा हरणार. महाराष्ट्र शासनाने मात्र आपल्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे वेगळे विभाग केले आहेत. कवितेला बालकवींचे नाव, कादंबरीला साने गुरुजींचे, आणि ‘सर्वसामान्य ज्ञान, छंद व शास्त्रे’ या विभागाला यदुनाथ थत्त्यांचे. पुरस्कार जाहीर झाले की वर्तमानपत्रे कादंबरी-कवितेची नावे ठळक छापतात आणि थत्ते पुरस्कार यादीच्या तळाशी जातो, ही आपली सवय.

अमेरिकेत इंग्रजीच्या शिक्षकांच्या संघटनेने अशा पुस्तकांसाठी ‘ऑर्बिस पिक्टस’ पुरस्कार ठेवला, तो १९९० पासून दिला जातो. कोमेनियसच्या १६५८ च्या सचित्र पुस्तकावरून हे नाव आले. निकष चार : अचूकपणा, मांडणी, सजावट आणि शैली. पहिला शब्द ‘अचूकपणा’ हे मला फार महत्त्वाचे वाटते. मराठीत मुलांचे पुस्तक म्हटले की संस्कार आहेत का, भाषा सोपी आहे का, हे आधी विचारतात. मजकूर बरोबर आहे का, हे विचारणारा परीक्षक हवा.

याचे हैदराबादच्या मराठी घरांना काय? आपल्याला तर जास्तच. आपली मुले विज्ञान-भूगोल इंग्रजीत शिकतात, रस्त्यावर तेलुगू-दखनी बोलतात. मराठी उरते आजीच्या गोष्टीला आणि गणपतीच्या आरतीला. भाषा केवळ मायेची राहिली आणि विचारायची, मोजायची, समजावून सांगायची राहिली नाही, की दहावीनंतर मुले ती बाजूला ठेवतात. ‘बाष्पीभवन’ किंवा ‘पाणलोट’ हा शब्द मुलाला मराठीत कुठे भेटणार? अशाच पुस्तकात.

अफझलगंजचेच घ्या. इथे १८९१ साली ‘आसफिया’ नावाने सुरू झालेले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, शेजारी उस्मानिया दवाखाना, मागे मुसी. २८ सप्टेंबर १९०८ च्या पुरात दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. पुढे निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावले, आणि त्यांच्या योजनेतून उस्मानसागर व हिमायतसागर उभे राहिले. विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, मुंबई इलाख्यात नोकरी केलेले. झाड, नदी, धरण, अभियंता, सगळे आपल्या उंबऱ्यापाशी! दहा वर्षांच्या मुलासाठी यावर चित्रे-नकाशांसह साठ पानांचे मराठी पुस्तक मला तरी कुठे दिसलेले नाही.

लिहू शकतील असे निवृत्त अभियंते, डॉक्टर, शिक्षक आपल्यात पुष्कळ आहेत. पण चित्रकार, नकाशे, तज्ज्ञाकडून तपासणी यांना खर्च येतो, आणि खपाची खात्री नसेल तर प्रकाशक मागे सरतो. पुरस्काराची रक्कम लेखकाच्या हाती पडते. छपाईचा भार हलका होतो तो ग्रंथालयांनी प्रती घेतल्या तर. म्हणून यंदा ग्रंथखरेदीची यादी करताना मुलांच्या कपाटासाठी थत्ते पुरस्काराची मागच्या काही वर्षांची पुस्तके आधी मागवावीत, असे मला वाटते. कादंबऱ्या काय, आपण घेतोच.