शुद्ध कशास म्हणावें ?

सुमारें पन्नास वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या एकत्र कुटुंबांत थोरल्या काकांस मधुमेह होता. इन्शुलिनची सुई रोज सकाळीं काकू टोंचीत. कांहीं वर्षांनीं काकांच्या मांडीवर, जेथें सुई टोंचली जाई तेथेंच, कातड्याखालील चरबी झिजून खळगे पडले. घरांतील वडील माणसांनीं निकाल दिला कीं, काकूंचा हात जड आहे. त्या माउलीनें तो दोष मुकाट्यानें पतकरला. दोष हाताचा नव्हता, मुख्यतः कुपींतील औषधाचा होता, हें मला पुष्कळ उशिरां, पुस्तकें चाळतांना कळलें.

इन्शुलिन हें एक प्रथिन आहे. पोटांत घेतल्यास तें अन्नाप्रमाणें पचून जातें; म्हणून बहुधा सुईनें द्यावें लागतें. त्या काळीं तें गाईच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडांतून काढीत, आणि कडक सोंवळें पाळणारीं घरेंहि प्राणरक्षणार्थ तें घेत. स्वादुपिंडांत इतरहि प्रथिनें असतात. तीं औषधाबरोबर आलीं, तर शरीर त्यांस परकीं समजून त्यांच्याशीं झगडूं लागतें, व त्या झगड्याची खूण अंगावर उमटते.

ही अडचण अगदीं पहिल्या दिवसापासूनची. ११ जानेवारी १९२२ रोजीं कॅनडांतील टोरांटो येथें लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास बँटिंग व बेस्ट यांनीं तयार केलेला अर्क टोंचण्यांत आला. साखर थोडी उतरली, पण टोंचल्या जागीं गळूं झालें आणि उपचार थांबवावा लागला. मग जेम्स कॉलिप यांनीं मद्यार्काची तीव्रता कमीजास्त करून पुष्कळसा मळ वेगळा केला. २३ जानेवारीस त्यांचा अर्क दिला, आणि मुलगा सावरला. पुढें तो तेरा वर्षें जगला. १९२६ सालीं एबल यांनीं इन्शुलिनचे स्फटिक बनविले. स्फटिक झाला म्हणजे पदार्थ शुद्ध झाला, अशी धारणा होती. ती सुमारें चाळीस वर्षें टिकली.

ती मोडली एका नळीनें. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनीं १९०३ सालीं वॉर्सा येथें ही युक्ति मांडली होती. खडूच्या भुकटीनें भरलेल्या कांचेच्या नळींतून पानांचा अर्क सोडला, तेव्हां त्यांतील रंग निरनिराळ्या पट्ट्यांनीं वेगळे झाले. म्हणून हिचें नांव क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वर्णलेखन. जत्रेच्या पेठेंतून घरचीं माणसें एकदमच निघालीं, तरी मूल खाऊच्या प्रत्येक दुकानाशीं थांबतें, बायका बांगड्यांपाशीं रेंगाळतात, आणि आजोबा थेट देवळाकडे जातात. पलीकडे सर्व एकेक करूनच पोंचतात. नळींतहि तसेंच. कांहीं नळ्यांत सूक्ष्म छिद्रांचे दाणे असतात. लहान रेणू छिद्रांत शिरून मागें पडतात, मोठे पुढें निघतात. कांहींत दाण्यांवर विद्युद्भार असतो, व जो तो आपापल्या ओढीप्रमाणें अडकतो. मग पाण्यांतील मीठ वाढवीत नेलें कीं एकेक सुटूं लागतो. असें करून पाहिलें तेव्हां, १९६० नंतरच्या दशकांत, चकाकत्या स्फटिकांतहि इन्शुलिनचें पूर्वरूप व इतर प्रथिनें सांपडलीं. तीं काढून टाकलेलें औषध १९७० नंतरच्या दशकांत निघालें, आणि खळगे पडण्याचें प्रमाण पुष्कळ घटलें.

१९८२ सालीं अमेरिकेंत जंतूंकडून करविलेल्या मानवी इन्शुलिनास मान्यता मिळाली. त्यांतहि जंतूंचीं प्रथिनें मिसळलेलीं असतात. म्हणून या नळीवांचून आजहि चालत नाहीं.

आपल्या घरांत शुद्धाशुद्धाची चर्चा फार. पण कसोटी कोणती, हें आपण क्वचितच विचारतों. शुद्ध म्हणजे एवढेंच कीं, आज हाताशीं असलेल्या कसोटीस मळ सांपडला नाहीं. कसोटी सूक्ष्म झाली कीं निकाल फिरतो. कोणा माणसावर दोष ठेवण्यापूर्वीं हें स्मरावें.

काकूंस मीं हें सारें सांगितलें, तेव्हां त्या नव्वदीच्या घरांत होत्या. काकांस जाऊन तीस वर्षें लोटलीं होतीं. त्यांनीं आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "हे त्यांना कळायला हवं होतं रे."