दमानं यायचं असेल तर या

पावसाळ्यातला शनिवार उजाडला की बदलापुरातून गाड्या निघतात. कोणी कोंडेश्वरला जातं, कोणी बारवीकडे, कोणी मुळगावच्या खंडोबाला. संध्याकाळी सगळे परततात. मधल्या वेळात वाटेवरचं गाव त्यांना लागतं ते गाडी लावायला आणि पाण्याची बाटली घ्यायला. कोंडेश्वरच्या कुंडात एखादा पोरगा बुडतो, मग बंदीचा आदेश निघतो, नाक्यावर पोलीस उभे राहतात आणि गाव पुन्हा बातमीत येतं ते अपघाताचं ठिकाण म्हणून. उरलेल्या वर्षात शहराला या गावांची आठवण होते ती प्लॉट घेताना आणि नळाला पाणी आलं नाही की.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन शहरांत राहणारे आणि भोवतालच्या गावपाड्यांवर राहणारे आम्ही काही जण यावर वेगळं काही करू पाहतो आहोत. चळवळीला अजून नाव नाही. नाव, बोधचिन्ह आणि टीशर्ट आधी अन् काम मागाहून, असं आपल्याकडे फार होतं. आम्ही क्रम उलटा ठेवलाय.

आमचं म्हणणं एकच आहे. गावातली कला आणि गावातल्या गोष्टी पाहायच्या-ऐकायच्या असतील तर वेळापत्रक गावाचं चालेल. पाहुण्याच्या सुट्टीसाठी गाव उभं करायचं नाही.

यात नवलाचं काही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2006 पासून कासव महोत्सव होतो. सह्याद्री निसर्गमित्रनं तो गावाबरोबर उभा केला. लोक गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्या हातचं जेवतात आणि पहाटे किनाऱ्यावर जाऊन थांबतात. पिल्लू वाळूतून कधी वर येईल हे कोणालाच ठाऊक नसतं. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं, ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या तिथे जपल्या. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्हीकडे लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातात.

आता आपल्याकडे काय आहे ते बघा. वारली घरातला लग्नाचा चौक सवाशिणी काढतात. तांदूळ भिजवून वाटायचे, बांबूच्या काडीचं टोक चावून तिचा कुंचला करायचा आणि गेरूनं सारवलेल्या भिंतीवर मधोमध पालघट देवी मांडायची. हे लग्नातच होतं. लग्न नाही तर चौक नाही. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींच्या प्रोत्साहनानं जिव्या सोमा मशे कागदावर चितारू लागले आणि ती चित्रं जगभर गेली, हे चांगलंच झालं. पण म्हणून रविवारी अकरा वाजता रिसॉर्टच्या हिरवळीवर एखाद्या बाईला बसवून ‘चौक काढून दाखवा’ म्हणणं आम्हाला मान्य नाही. पोट भरण्यासाठी कोणी कापडावर, कागदावर चित्र काढून विकत असेल तर ते जरूर विकत घ्या आणि घासाघीस करू नका. मांडवातला चौक मात्र आमंत्रण असेल तरच पाहायचा.

आगरी गावातल्या धवलारणीचंही तसंच. धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणारी ही बाई लग्नातली खरी पुरोहित. तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नसे. आज तिच्या आवाजासमोर डीजेच्या भिंती उभ्या असतात. वीस मिनिटांचा ‘कार्यक्रम’ करून तिला वाचवता येईल असं आम्हाला वाटत नाही. तिच्या ओटीवर बसून ती सांगेल तेवढं ऐकायचं, तिची हरकत नसेल तर ध्वनिमुद्रण करायचं आणि त्याची प्रत आधी तिच्या घरी द्यायची. गळा बसला असेल तर त्या दिवशी चहा पिऊन परत.

पर्यटनाचा हंगाम म्हणजे दिवाळी ते होळी, असं सगळे धरून चालतात. नेमक्या त्याच दिवसांत अनेक कातकरी पाडे ओस असतात, कारण दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात. दाराला कडी, अंगणात एखादी म्हातारी. त्या काळात तिथे ‘आदिवासी जीवनदर्शन’ घडवणारे नक्की कोणाचं दर्शन घडवतात, हे त्यांनीच सांगावं. आम्ही जाऊ ते लोक घरी असतील तेव्हा, म्हणजे बहुतेक पावसाच्या तोंडाला.

तेव्हाच स्टेशनच्या जिन्याखाली शेवळं येतात. शेजारी हिरव्या काकडांचा वाटा. शहरातली नवी सून शेवळाची जुडी उचलते आणि काकडं तिथेच ठेवते; विकणारी बाई ओरडून ती पिशवीत टाकते, कारण त्यांच्याशिवाय भाजी घशाला खाजते. रानातली शेवळं कशी ओळखायची आणि कुठली सोडायची, हे तिला येतं. जांभळांचंही तसंच. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या ठिसूळ लाकडाच्या झाडावर चढून, फांदी न मोडता घोस उतरवणाऱ्याला काय मिळालं, हे त्यालाच विचारायला हवं. हे ज्ञान आम्ही कलाच मानतो.

अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 मधलं, म्हणजे इ.स. 1060 चं, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं, भूमिज शैलीतलं. 1868 मध्ये मुंबई सरकारनं स्कूल ऑफ आर्टच्या लोकांना पाठवून इथल्या शिल्पांची रेखाटनं करवली, साचे घेतले. एवढं काम एका लोकलनं येऊन दुसरीनं परतून होत नाही. आम्ही तिथे वही-पेन्सिल घेऊन बसणार, एका खेपेला भिंतीची एकच बाजू. आणि मागे वाहणाऱ्या वालधुनीकडे पाठ करणार नाही. कारखान्यांच्या सांडपाण्यानं तिची काय गत झाली तेही त्याच दगडाच्या गोष्टीत येतं. चौकट साधून नदी वगळलेले फोटो पुष्कळ निघाले आहेत.

उल्हासनगर यात कशाला, असं काहींनी विचारलं. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले आणि 8 ऑगस्ट 1949 ला तिचं उल्हासनगर झालं. पाच कॅम्पांच्या बराकींत एकेक गाव सुटून आलं होतं. ते गाव पाहायला जाता येत नाही, फक्त ऐकता येतं, आणि सांगणारे आता थोडे उरले आहेत. म्हणून कॅम्पातल्या आजींची कहाणी आम्ही पाड्यावरच्या कहाणीइतकीच मोलाची धरतो. दाल-पकवान खात ऐकावी, घाई करू नये.

गोष्टी सुखाच्याच निवडायच्या नाहीत. बारवीच्या पाण्यावर आपली शहरं आणि एमआयडीसी जगतात. धरणासाठी तोंडली, काचकोलीसारखी गावं उठली. जलाशयाचा सुंदर फोटो काढणाऱ्यानं निदान ही नावं उच्चारावीत. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली, हजारावर प्रवासी होते. बोटी आणि हेलिकॉप्टर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. चामटोली परिसरातले गावकरी त्या दिवशी काय करत होते, ते त्यांच्याच तोंडून ऐकायला आम्ही जाणार आहोत.

पैशाचं स्पष्ट बोलू. गोष्ट सांगणाऱ्याला, गाणाऱ्याला, वाट दाखवणाऱ्याला कुशल गवंड्याच्या रोजापेक्षा कमी मिळणार नाही, आणि ते त्याच दिवशी, त्याच्याच हातात. ‘तुमच्या कलेला व्यासपीठ देतो’ या चलनात आम्ही व्यवहार करत नाही. जेवण रांधणाऱ्या बाईचे पैसे बाईलाच. एका वेळी दहा-बारा पाहुणे, जास्त नाही. फोटो विचारून. दर पावसाळ्याआधी गावात बैठक होईल आणि गावानं ‘पुरे’ म्हटलं तर त्या गावातलं आमचं येणंजाणं थांबेल, कारण विचारलं जाणार नाही. यातून आमचा जमाखर्च जुळेल की नाही, याची शंका आमच्यातल्याच दुकानदारांनी काढली आहे. त्यांनाच खजिनदार केलंय.

पहिली फेरी शेवळांच्या दिवसांत, बदलापूर पूर्वेहून, पायी. गाडी आणू नका, डबाही आणू नका. भाकरी आणि शेवळाची भाजी तिथेच आहे, सुकट घातलेली. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी कळवा, त्या घरच्या बाईला वेगळं भांडं चढवावं लागतं.