आरोग्यचिंतन : माल घटला की काटा बदलला?

जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक सुरू झाली की भावाइतकीच चर्चा मालातील ओलाव्याची होते. एका आडतीवरचे यंत्र ११ टक्के ओलावा दाखवते आणि पलीकडच्या आडतीवर त्याच पोत्यातील दाण्यांचा ओलावा १३ टक्के भरतो. अशा वेळी वाटेत सोयाबीन भिजले, असा निष्कर्ष अनुभवी व्यापारी काढीत नाही. यंत्र कोणते आणि ते शेवटचे केव्हा तपासून घेतले, हे तो आधी विचारतो. मालाविषयी बोलण्यापूर्वी मापाविषयी बोलावे, ही बाजाराची जुनी शिस्त आहे. रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की मात्र हीच शिस्त विसरली जाते.

समजा, एकाच घरातील दोन भावांना २०२० च्या दिवाळीपूर्वी एकाच आठवड्यात कोरोना झाला आणि दोघेही घरीच बरे झाले. सहा महिन्यांनी दोघांनी प्रतिपिंडांची, म्हणजे अँटीबॉडीची, तपासणी करून घेतली. थोरल्याने एका प्रयोगशाळेत, धाकट्याने दुसऱ्या. थोरल्याचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला, धाकट्याचा ‘निगेटिव्ह’. घरात लगेच निवाडा झाला की थोरल्याची प्रतिकारशक्ती टिकली आणि धाकट्याची संपली. थोरला निर्धास्तपणे गर्दीत वावरू लागला. धाकट्याला गल्ल्यावर बसू देईनात. दोघांविषयीचा निर्णय अहवालातील एका शब्दावर घेतला गेला. तो शब्द कोणत्या मापाने आला, हे कोणी पाहिलेच नाही.

विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्या निरनिराळ्या भागांविरुद्ध निरनिराळी प्रतिपिंडे तयार करते. कोरोना विषाणूच्या बाबतीत दोन भाग महत्त्वाचे ठरले. एक म्हणजे विषाणूच्या बाह्य पृष्ठावरील टोकदार ‘स्पाइक’ प्रथिन. त्याच्याच साहाय्याने विषाणू आपल्या पेशींना चिकटतो. दुसरे म्हणजे विषाणूच्या आतील जनुकीय द्रव्याला वेढून असणारे ‘न्यूक्लिओकॅप्सिड’ प्रथिन. काही चाचण्या स्पाइकविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात, काही न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धची. अहवालावर मात्र दोन्हींचे नाव पुष्कळदा ‘कोविड अँटीबॉडी’ एवढेच असते.

या फरकाने किती अंतर पडते, याचा मोठा दाखला आपल्याच देशात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० च्या मे महिन्यापासून देशातील ७० जिल्ह्यांत रक्तसर्वेक्षणाच्या फेऱ्या घेतल्या. महाराष्ट्रातील सहा जिल्हे त्यांत होते. जालना त्यांत नव्हता. पण जालन्याच्या सीमेला लागून असलेले बीड, परभणी आणि जळगाव हे तिन्ही होते. पहिल्या फेरीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विकसित केलेली ‘कोविड कवच’ ही चाचणी मुख्यतः वापरली गेली. दुसऱ्या फेरीत न्यूक्लिओकॅप्सिडवर आधारलेली ॲबट कंपनीची चाचणी आली. तिसरी फेरी १८ डिसेंबर २०२० ते ६ जानेवारी २०२१ या काळात, लसीकरण सुरू होण्याच्या थोडे आधी, पार पडली. या फेरीत संशोधकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी तेच रक्त दोन्ही मापांनी मोजले.

सर्वसामान्य लोकांचे २८,५९८ नमुने तपासले गेले. त्यांपैकी ४,५८५ जणांत, म्हणजे १६ टक्के लोकांत, न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. स्पाइकविरुद्धची प्रतिपिंडे ६,६४७ जणांत, म्हणजे २३.२ टक्क्यांत, आढळली. दोहोंपैकी निदान एक तरी असलेले ७,४३६ जण, म्हणजे २६ टक्के, निघाले. वहीवर साधी वजाबाकी मांडली तरी अर्थ लागतो. ७,४३६ मधून ४,५८५ वजा केले की २,८५१ उरतात. हे लोक केवळ स्पाइकच्या चाचणीत सापडले. दुसरे माप वापरलेच नसते, तर शंभरांतील अडतीस जण ‘यांना संसर्ग झालाच नाही’ या रकान्यात गेले असते. उलट बाजूने ७८९ जण केवळ न्यूक्लिओकॅप्सिडच्या चाचणीत सापडले. म्हणजे स्पाइकचे मापही परिपूर्ण नव्हते. म्हणूनच चाचण्यांच्या उणिवा आणि लोकसंख्येचे प्रमाण जमेस धरून परिषदेच्या संशोधकांनी अंतिम आकडा २४.१ टक्के असा मांडला.

या फरकाचे एक कारण काळ हे आहे. अनेक महिन्यांपूर्वी संसर्ग झालेल्यांच्या रक्तात न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धची प्रतिपिंडे ॲबटच्या चाचणीला लवकर दिसेनाशी होत गेली. याचा अर्थ त्या प्रथिनाविरुद्धची सारी प्रतिपिंडे नाहीशी झाली, असाही नव्हे. रोश कंपनीची चाचणीही न्यूक्लिओकॅप्सिडवरच आधारलेली होती. परंतु तिची रचना निराळी होती. ती सर्व प्रकारची प्रतिपिंडे एकत्र मोजते, आणि जी प्रतिपिंडे काळानुसार अधिक घट्ट पकड घेऊ लागतात त्यांना चांगली टिपते. त्याच लोकांची पुनःपुन्हा तपासणी केलेल्या अभ्यासांत ॲबटचा आकडा महिनोन्‌महिने उतरत गेला, तर रोशचा बराच काळ स्थिर राहिला. शिवाय प्रत्येक चाचणीला एक सीमारेषा असते. ॲबटच्या चाचणीत ती १.४ होती. १.५ आला तर पॉझिटिव्ह, १.३ आला तर निगेटिव्ह! प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात. अहवालातील शब्द मात्र एका रात्रीत पालटतो.

मुंबईत याचा अनुभव सर्वांसमक्ष आला. जुलै २०२० मध्ये तेथील तीन प्रभागांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. ऑगस्टमधील दुसऱ्या फेरीत हा आकडा सुमारे ४५ टक्क्यांवर आला. एकदा झालेला संसर्ग ‘न झालेला’ होत नाही. मग आकडा खाली कसा गेला? दोन्ही वेळी तपासलेली माणसे वेगळी होती, हे एक कारण असू शकते. पण वापरलेली चाचणी न्यूक्लिओकॅप्सिडवर आधारलेली होती, आणि पूर्वीचे संसर्ग तिच्या नजरेतून निसटत जातात, हेही कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही. असा आकडा पाहून ‘लोकांची प्रतिकारशक्ती महिन्याभरात संपली’ असे म्हणणे म्हणजे काटा न तपासता माल चोरीला गेल्याची ओरड करण्यासारखे आहे.

लसीकरणानंतर चाचणीची निवड अधिकच महत्त्वाची झाली. कोविशिल्ड लस केवळ स्पाइक प्रथिनाची ओळख करून देते. ती घेतलेल्या आणि कधीही आजारी न पडलेल्या माणसाने न्यूक्लिओकॅप्सिडची चाचणी केली, तर अहवाल निगेटिव्ह येणे हेच अपेक्षित आहे. त्यात लस ‘लागू पडली नाही’ असे काही नसते. कोव्हॅक्सिन संपूर्ण निष्क्रिय विषाणूपासून बनलेली असल्याने ती दोन्ही प्रकारची प्रतिपिंडे निर्माण करू शकते.

कोरोनाची धास्ती आता ओसरली असली, तरी हा धडा इतर आजारांतही तितकाच उपयोगी आहे. हिपॅटायटिस-बी, म्हणजे ‘ब’ प्रकारची कावीळ, हे त्याचे घरगुती उदाहरण. ‘अँटी-एचबीएस’ पॉझिटिव्ह म्हणजे संरक्षण आहे. ते लसीने किंवा बऱ्या झालेल्या आजाराने मिळते. ‘अँटी-एचबीसी’ पॉझिटिव्ह म्हणजे विषाणूशी प्रत्यक्ष गाठ पडलेली आहे. केवळ लस घेतलेल्यात ती येत नाही, आणि एकदा आली की बहुधा जन्मभर टिकते. तिसरी चाचणी ‘एचबीएसएजी’. ती पॉझिटिव्ह आली तर विषाणू सध्या शरीरात आहे. नावे इतकी सारखी आणि अर्थ इतके वेगळे! विवाहापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी असा अहवाल हाती आला, आणि एकीचा अर्थ दुसरीला लावला गेला, तर निरोगी माणसावर रोगाचा शिक्का बसतो किंवा आजारी माणूस उपचारावाचून राहतो.

आकड्यांचे एककही पाहावे लागते. वजनमापे खाते वजनांवर शिक्का मारते, म्हणून जालन्याचा किलो आणि मुंबईचा किलो एकच असतो. कोरोनाच्या प्रतिपिंडांना असे समान माप सुरुवातीला नव्हतेच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण निश्चित केले. त्यानंतरही स्पाइकचा आकडा आणि न्यूक्लिओकॅप्सिडचा आकडा एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. एक लिटर तेल आणि एक किलो तूर यांची तुलना जशी व्यर्थ, तशीच ही.

आणि आकडा खरोखरच उतरला, तरी घाबरण्याचे कारण नसते. संसर्ग ओसरल्यावर प्रतिपिंडे काही प्रमाणात कमी होणे स्वाभाविक आहे. दुकानाच्या फळीवर माल कमी दिसला म्हणून गोदाम रिकामे ठरत नाही. प्रतिकारशक्तीचे गोदाम स्मृतिपेशींत असते, आणि सौम्य कोरोनानंतरही अनेक महिन्यांनी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी अस्थिमज्जेत टिकून असल्याचे संशोधकांना आढळले आहे. नेहमीची रक्तचाचणी फळी मोजते, गोदाम नव्हे. त्याचप्रमाणे पॉझिटिव्ह अहवाल हाही ‘पुन्हा आजार होणारच नाही’ असा करारनामा नाही.

म्हणून अहवाल हाती घेताना प्रत्येक घराने चार गोष्टी पाहाव्यात. चाचणी कोणत्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे मोजते? आकड्याचे एकक आणि सीमारेषा कोणती? संसर्ग किंवा लस यांना किती दिवस झाले? मागील अहवालाशी तुलना करायची असेल, तर तो त्याच चाचणीचा आहे काय? जुने अहवाल फेकून न देता जपून ठेवावेत, आणि अर्थ लावण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे.

त्या दोन भावांकडे परत वळले, तर कदाचित असे दिसेल की दोघांच्या रक्तात फारसा फरक नव्हताच. थोरल्याची चाचणी स्पाइकची होती आणि धाकट्याची न्यूक्लिओकॅप्सिडची. धाकट्याला विनाकारण घरी बसवले गेले आणि थोरल्याला विनाकारण निर्धास्त केले गेले. मोंढ्यात ओलाव्यावरून वाद झाला की दुसऱ्या यंत्रावर माल पुन्हा तपासून घेतला जातो. माणसाविषयी निवाडा करण्यापूर्वी निदान तेवढी खातरजमा व्हायला हवी.