भरून पावले

दिवाळीच्या अंकात कर्जाविषयी लिहिणे शुभ नव्हे, हे मला ठाऊक आहे. फराळाचे ताट पुढे असताना उधारीचे नाव कोण काढील? पण पाडव्याला वहीपूजन करणारा व्यापारीसुद्धा पहिल्या पानावर ‘श्री’ काढतो आणि पुढल्या पानांवर जुन्या वहीतले येणे-देणे उतरवून घेतो. तेव्हा हा विषय सणाला अगदीच परका आहे असे नाही. शिवाय तो मला सुचला तोही एका दिवाळीच्या सुटीतच. मात्र आपल्या मुलखात नव्हे, तर फिलिपीन्स देशातल्या लागुना प्रांतात.

माझी धाकटी बहीण यजमानांच्या नोकरीनिमित्त तेथील लोस बान्योस या गावी राहते. गावाच्या पाठीशी माकीलिंग पर्वत आणि पुढ्यात त्या देशातले सर्वांत मोठे सरोवर. १९६० साली येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था निघाली आणि १९६६ मध्ये तिने बाहेर काढलेले ‘आय. आर. ८’ हे भाताचे वाण आपल्याकडच्या शेतांतही पोचले. तेव्हापासून या गावाला परदेशी पाहुण्यांची सवय आहे, असे मला सांगण्यात आले होते.

पहिल्याच सकाळी छत्री काखोटीला मारून मी फिरायला निघालो. कोपऱ्यावर खेळणाऱ्या पोरांपैकी एकाने मला पाहिले, “बुम्बाय!” म्हणून आरोळी ठोकली आणि सारी पोरे दाराआड झाली. मी अस्सल दादरचा असल्यामुळे पोरांनी माझे गाव इतके अचूक ओळखावे याचे मला कौतुकच वाटले. घरी येऊन हे सांगितले तर बहीण हसून हसून बेजार. त्या देशात कुठलाही हिंदी माणूस ‘बुम्बाय’च, मग तो प्रत्यक्षात जालंदरकडचा का असेना! तेथे वसलेले पुष्कळसे पंजाबी मोटारसायकलवरून गल्लोगल्ली हिंडतात, छत्र्या, मच्छरदाण्या, पंखे हप्त्यांनी विकतात आणि व्याजाने पैसे देतात. या धंद्याला नावच ‘फाइव्ह-सिक्स’ असे आहे. पाच घ्यावे, सहा फेडावे. मूल जेवेनासे झाले की आया सांगतात, “तो बघ, बुम्बाय आला.” म्हणजे आपला बागुलबुवाच! बाजारातल्या मोठ्या कांद्यालाही बुम्बायचेच नाव आहे. एकूण काय, मुंबईची कीर्ती तेथे सावकार आणि कांदा अशा दोन रूपांनी पोचली असून दोन्ही डोळ्यांत पाणी आणणारी आहेत. मात्र न्यायाने बोलायचे तर भाजीवालीला कागदपत्रांवाचून बँक दारात उभी करीत नाही, आणि बुम्बाय तारण न मागता पैसे मोजतो. म्हणून लोक त्याला हसतात, भितात आणि त्याची वाटही पाहतात.

माझी खरी ओळख झाली ती बहिणीच्या घरासमोरच्या दुकानदारीणबाईंशी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंना सारी गल्ली ‘लोला’, म्हणजे आजी, म्हणते. घराच्या खिडकीला जाळी लावून त्यांनी ‘सारी-सारी’ दुकान मांडले आहे. ‘सारी-सारी’ म्हणजे नाना तऱ्हेचे. शांपूची एक पुडी, एकच सिगारेट, वाटीभर व्हिनेगर, जो जेवढे मागेल तेवढे मिळते. खिळ्याला एक वही टांगलेली असते. तिचे नाव ‘लिस्ता’. ती उधारीची.

मी मराठीचा मास्तर आहे हे कळल्यावर लोला म्हणाल्या, “म्हणजे तुम्हीही गुरो!” त्यांच्या तागालोग भाषेत शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात. मग आमचा रोजचा खेळच झाला. तोंडाला त्यांचा शब्द ‘मुखा’, आशेला ‘आसा’, गरिबाला ‘दुखा’. या शेवटच्या शब्दापाशी आम्ही दोघेही जरा थांबलो. लहान मुले येता-जाता लोलांचा हात उचलून आपल्या कपाळाला लावीत. तो तिकडचा नमस्कार. आणि जेवणवेळेला कोणीही दारावरून गेले तरी आतून हाक येई, “काइन तायो!” चला, जेवू या. आपल्या कोकणातल्या “या जेवायला” इतकीच ती खरी, आणि तिला नम्रपणे “जेवून आलो” असे उत्तर देण्याचा रिवाजही तोच.

एकदा मी लोलांना लिस्तेविषयी छेडले. “एवढी उधारी बुडत नाही?” त्या म्हणाल्या, “लिस्तेतली थोडी बुडते. पण खरी देणी लिस्तेत नसतातच. त्यांना आम्ही ‘उतांग ना लोओब’ म्हणतो.” ‘उतांग’ म्हणजे देणे आणि ‘लोओब’ म्हणजे आतला भाग, अंतर्याम. आतले देणे. मला आपला ‘ऋणानुबंध’ शब्द आठवला आणि परक्या ठिकाणी घरचे माणूस भेटावे तसे झाले.

या आतल्या देण्यावर तेथला सारा गाव उभा आहे. कोणाकडे मृत्यू झाला तर प्रेत काही दिवस घरीच ठेवून जागरणे होतात. शेजारी रात्रभर पत्ते खेळत बसतात आणि डावातला काही हिस्सा त्या घराला देतात. शिवाय जो येतो तो पाकिटात घालून काही ठेवून जातो. पूर्वी कोणाला बिऱ्हाड हलवायचे असले तर झावळ्यांनी शाकारलेले त्याचे अख्खे घरच बांबूंवर उचलून पंधरा-वीस गडी दुसरीकडे नेऊन ठेवीत. याला ‘बायानिहान’ म्हणतात. मजुरी म्हणून फक्त जेवण. आपल्याकडच्या शेतकऱ्याची इर्जिक याहून काय निराळी? मदत घेणारा हिशेब ठेवीत नाही. पण पुढे दुसऱ्याची हाक आली की घरी बसतही नाही. “याला आतले देणे कळत नाही” ही त्या मुलखातली जबर शिवी आहे.

परंतु प्रत्येक गोड गोष्टीला मुंग्या लागतातच. निवडणुकीतला उमेदवार गरिबाच्या घरच्या अंत्यविधीचा खर्च उचलतो आणि पुढे साऱ्या घराची मते वसूल करतो. फाइव्ह-सिक्सवाल्याचा सहावा रुपया दिला की तो निघून जातो. हा दुसरा सावकार मात्र जात नाही. कारण त्याने पाच किती होते हेच कधी सांगितलेले नसते.

याहून अवघड गोष्ट लोलांच्या स्वतःच्या घरात होती. थोरली मुलगी वीस वर्षांपूर्वी दुबईला नोकरीला गेली. परदेशी नोकऱ्यांसाठी माणसे पाठवण्याचे धोरण तिकडच्या सरकारने १९७४ साली कायद्यात घातले, आणि आता बाहेरून येणाऱ्या पैशांवर चूल पेटणारी घरे गल्लोगल्ली आहेत. या मुलीने दोन भावांना आणि एका बहिणीला कॉलेजात शिकवले, घराला स्लॅब घातली, दर नाताळाआधी साबण, चॉकलेटे, टॉवेल भरलेला भला मोठा खोका पाठवला. तिचे लग्न राहून गेले. आता धाकट्या भावाच्या मुलाला इंजिनियर व्हायचे होते. मुलीने विचारले होते, “आई, मी परत येऊ का?” आणि घरातले कोणीच ‘ये’ म्हणत नव्हते. वाईट कोणीच नव्हते. भाऊ म्हणे, तिला राहवणार नाही, तीच आपणहून पाठवते. ते खरेच होते.

१ नोव्हेंबरला तिकडे मृतांचा सण असतो. दफनभूमीत थडग्याथडग्यावर मेणबत्त्या लावतात आणि घरेच्या घरे डबे घेऊन रात्रीपर्यंत तेथे बसतात. मुले पळतात, म्हातारी माणसे गप्पा मारतात. लोलांनी आम्हाला आपल्या यजमानांच्या थडग्यापाशी जेवायला बोलावले होते. तेथे बसून मी त्यांना त्यांच्याच प्रांतातली एक हकीकत सांगितली.

१९८९ साली लागुनातील लुंबान गावाजवळ नदीतली वाळू उपसताना एका माणसाला काळवंडलेला ताम्रपट सापडला. जेमतेम पाटीएवढा, दहा ओळींचा. आंतोन पोस्तमा या डच अभ्यासकाने तो वाचला. लिपी जावाकडची, भाषा जुनी मलय आणि आत संस्कृत शब्दांची दाटी. काळ दिला आहे तो आपल्या पंचांगासारखा: शके ८२२, वैशाख मास, कृष्ण पक्ष, चतुर्थी, सोमवार. इसवी सनाच्या भाषेत सन ९००. त्यात ‘सेनापती’ आहे, ‘नायक’ आहे, जयदेव नावाचा एक अधिकारी आहे. त्या देशातला हा सर्वांत जुना ज्ञात तारखेचा लेख, आणि तो आहे कर्ज माफ केल्याचा! नामवारान नावाच्या गृहस्थाचे एक काती आणि आठ सुवर्ण एवढे देणे फिटले असून त्याची मुलगी आंगकातान, तिच्यासोबतचा बुकाह आणि सारे वंशज त्यातून मोकळे आहेत, असे साक्षीदारांच्या नावांनिशी लिहिले आहे. पुढे कधी कोणी हे देणे फिटलेले नाही असे म्हणेल तर... आणि तेथे लेख तुटतो.

लोला बराच वेळ मेणबत्तीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “त्यात मुलीचे नाव आधी आहे?”

मी म्हटले, “हो, आधी.”

“आणि ती मोकळी झाल्याचे सर्वांसमक्ष सांगितले?”

“सर्वांसमक्ष.”

त्या आणखी काही बोलल्या नाहीत. आमच्या डब्यातल्या चकल्या त्यांनी नातवंडांना वाटल्या.

आम्ही निघालो तेव्हा घराघरावर बांबू-कागदाच्या चांदण्या, म्हणजे त्यांचे नाताळचे आकाशकंदील, लागले होते. महिन्याभराने बहिणीचे पत्र आले. लोलांनी एका रविवारी साऱ्या मुलांना जेवायला बोलावले, दुबईला फोन लावला आणि सर्वांना ऐकू जाईल असे मुलीला सांगितले की या नाताळाला खोका पाठवू नकोस, तू ये. तुझे देणे संपले. भाऊ दुखावला, सून रडली, मुलगी फोनवर कितीतरी वेळ गप्पच होती. ती येईल की नाही हे बहिणीने कळवलेले नाही. वीस वर्षांची सवय एका फोनने सुटते असेही नाही.

आईबापांचे ऋण फिटत नाही, असे आपण मुलांना सांगत आलो आहोत. ते खोटे नाही. पण जे फिटत नाही ते घेणाऱ्याला आपल्या तोंडाने कधी ‘फिटले’ म्हणता येत नाही. तसे म्हटले तर तो कृतघ्न ठरतो. तो शब्द देणाऱ्याकडूनच यावा लागतो. आपल्या जुन्या पावत्यांवर पैसे मिळाल्याची खूण म्हणून ‘भरून पावलो’ असे लिहीत. या पाडव्याला ज्यांच्याकडे अशी जुनी वही असेल त्यांनी एकदा ती उघडून पाहावी, आणि ज्या नावापुढे हे दोन शब्द लिहिण्याची वेळ झाली असेल, तेथे ते लिहून टाकावेत.