टोचा पडलेला रुपया

सोमवारी बीडच्या सराफ्यात एका आजींनी रुपयांची माळ दुकानदारापुढे ठेवली, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. त्याने एक जाडजूड, हाताने पाडलेला हाली रुपया उचलला, नखाने त्यावरची खूण चाचपली आणि म्हणाला, "टोचा पडलाय, मावशी. नाणं म्हणून काही येत नाही. वजनावर घेतो, आटवू." चांदी महागल्यापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं! दर वेळी तितकाच संताप येतो.

तो टोचा म्हणजे डाग नव्हे. कुणा जुन्या सराफाने आतली चांदी खरी आहे का ते पाहून स्वतःची खूण उठवली आणि रुपया पुढे चालवला. असा रुपया आटवणं म्हणजे सहीचा कागद चुलीत घालणं.

आपल्या भागात दोन रुपये चालत, निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. 100 कलदाराला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, म्हणजे सहाला सात. हा भाव हैदराबादच्या कचेरीत कुणी मनाने ठरवला, असं पुष्कळांना वाटतं. तराजू वेगळं सांगतो. जुन्या हालीचं वजन 11.18 ग्रॅम, त्यात सुमारे 9.14 ग्रॅम चांदी. जुना कलदार 11.66 ग्रॅमचा, त्यात सुमारे 10.69. भागून पाहा, जवळपास तेच सहाला सात येतं. म्हणजे निजामाच्या हद्दीतल्या आष्टीचा माणूस इंग्रजांच्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडच्या बाजारात जो हिशेब करी, तो चांदीतच होता. त्यावर सावकार आणखी बट्टा कापत असे, ती मात्र निव्वळ लूट.

दुसऱ्याच्या पैशावर आपली खूण उठवून तो चालवायचा, हे सराफांनीच नव्हे, सरकारांनीही केलं. आता नाशिककडे बघा. फाळणीनंतर पाकिस्तानकडे स्वतःच्या नोटा नव्हत्या. मग आपल्याच नाशिकच्या छापखान्यात सहाव्या जॉर्जच्या नोटांवर इंग्रजीत आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचं नाव छापलं गेलं, आणि एप्रिल 1948 पासून त्या तिकडे चालू लागल्या. राजा जुना, शिक्का नवा. दूर मनिलात 1830 च्या दशकात स्पेनच्या अधिकाऱ्यांनी याच्या उलट केलं होतं. मेक्सिको-पेरूच्या स्वतंत्र झालेल्या प्रजासत्ताकांची नाणी त्यांना चालवावी तर लागत होती, म्हणून त्यांवर आपल्या राजाचं नाव ठोकलं.

आणि आपल्याकडे? 29 नोव्हेंबर 1947 ला हैदराबाद संस्थान आणि भारत यांच्यात जैसे थे करार झाला आणि त्यापाठोपाठ निजाम सरकारने हिंदी चलनच संस्थानात बेकायदा ठरवलं. ज्या माणसाच्या गाठीला जामखेडहून आणलेली नोट होती, त्याचं काय झालं असेल? पुढे 17 सप्टेंबर 1948 उजाडला. निजाम शरण आला, पण त्याचा रुपया लगेच गेला नाही. चारमिनारच्या कमानीत निजाम उस्मान अलीच्या नावाचं पहिलं अक्षर 'ऐन' मिरवणारा तो रुपया काही वर्षं आपल्या बाजारात चाललाच, आणि भारत सरकारने त्यावर एक रेघही ओढली नाही. मला हे फार मोठं वाटतं. नव्या राज्याने लोकांच्या गाठीचा पैसा रातोरात खोटा ठरवला नाही. दर 17 सप्टेंबरला, मुक्तिदिनी, ध्वजाखाली भाषणं होतात, त्यांत या रुपयाचा उल्लेख कधी येत नाही. यंदा तरी यावा, हे मी पुन्हा लिहितो आणि लिहीतच राहणार.

आजींना मी म्हटलं, आटवायला देऊ नका. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि माळ उलगडली. सगळे हाली, मधोमध एकच कलदार, त्याची कडी इतरांहून जाड.

"सासूबाई म्हणायच्या, हा माहेरचा," त्या म्हणाल्या. "नगरकडच्या होत्या ना त्या."

माळ त्यांनी पदरात गुंडाळली आणि आष्टीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.