ढेरपोट्याची सोयरीक

क्यूट दिसतं म्हणून घरात डुक्कर पाळायचं, हा खास अमेरिकन फंडा. व्हिएतनामी ढेरपोटी डुकरं १९८०च्या दशकात आधी कॅनडात आणि तिथून अमेरिकेत पोचली. जॉर्ज क्लूनीचा मॅक्स त्यातलाच. २००६मध्ये गेला तेव्हा वय १८, वजन सव्वाशे किलोच्या आसपास! म्हणजे ‘मिनी’ हा शब्द जरा जपूनच घ्यायचा.

आता गंमत बघा. तिकडे सोफ्यावर लोळणाऱ्या या मंडळींचं कूळ उत्तर व्हिएतनाममधल्या शेतकऱ्याच्या गोठ्यातलं. ‘ई’ ही तिथली जुनी देशी जात. बुटकी, हळू वाढणारी आणि अंगावर चरबीच चरबी. बाजाराला मात्र हवं कमी चरबीचं मांस. मग शेतकरी वळले दुसऱ्या देशी जातीकडे, मोंग काय (प्रश्न नाही, नावच आहे ते!). ही डुकरीण एका वेतात दहा-बारा पिल्लं देते, साध्या खाण्यावर भागवते. तिची सोयरीक जुळवली इंग्लंडच्या धिप्पाड लार्ज व्हाइट नराशी. पिल्लांना आईचा काटकपणा, बापाची वाढ. हिशेब एकदम सही.

लोचा एकच. ही संकरित पिल्लं जाणार खाटकाकडे. जात टिकवायची तर शुद्ध नर-मादी सांभाळायला हवेत, आणि जे विकलंच जात नाही ते कोण कशाला पोसेल? ई जवळजवळ संपली. २०२१मध्ये व्हिएतनामी शास्त्रज्ञांनी एका ई डुकराच्या कानातल्या पेशींपासून क्लोन तयार केले. पिल्लं झाली चार.