वळणावरची अदृश्य दोरी

घाटातील रस्त्यावर ठिकठिकाणी वेगमर्यादेच्या पाट्या उभ्या असतात. अवघड वळण जवळ आले, की पाटीवरील आकडा लहान होतो. पुष्कळ लोकांना ही पाटी म्हणजे सरकारची एक आज्ञा वाटते. आणि आज्ञा म्हटली, की ती मोडून पाहण्याची इच्छा मनुष्याच्या मनात सहज उद्भवते. पोलीस जवळपास नसेल, तर आकडा पाळण्याचे कारण काय, असा विचार करणारे चालक थोडे नाहीत. हा समज मुळातच चुकीचा आहे. त्या आकड्यामागे निसर्गाचा एक नियम उभा असतो, आणि हा नियम पोलिसाप्रमाणे कधी रजेवर जात नाही.

आयझॅक न्यूटन या थोर इंग्रज शास्त्रज्ञाने 1687 साली 'प्रिन्सिपिया' या नावाने ओळखला जाणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. गतीचे तीन नियम त्याने त्यात मांडले. पहिला नियम असा, की बाहेरून बल लागल्याखेरीज स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. यातील 'सरळ रेषेत' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. वस्तूची गती वाढविण्यास बल लागते, हे कोणीही सांगेल. परंतु गती तेवढीच ठेवून नुसती दिशा बदलावयाची असली, तरीसुद्धा बल लागतेच. वळणे ही गोष्ट निसर्गात फुकट मिळत नाही.

जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभा राहून पाखरे हाकणारा राखणदार हा नियम रोज वापरीत असतो. त्याच्या गोफणीतील दगड गरगर फिरतो, कारण दोरी त्याला क्षणोक्षणी आत, हाताकडे ओढीत असते. राखणदार दोरीचे एक टोक सोडतो. आत ओढणारे बल नाहीसे होते, आणि दगड त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने सरळ निघून जातो. दगडाला बाहेर फेकणारी कोणतीही निराळी शक्ती तेथे नसते. हाताला जी ओढ जाणवते, ती न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोरीने हातावर केलेली उलट ओढ होय. एस. टी. वळणावर वळताना आतील प्रवासी बाहेरच्या बाजूला कलतात. 'गाडीने बाहेर फेकले' असे ते म्हणतात. पण खरोखर गाडी वळलेली असते आणि त्यांची शरीरे सरळ जाऊ पाहत असतात.

दगडाला दोरी असते. मग मोटारीला आत ओढणारी दोरी कोणती? सुकाणूचे चाक फिरविल्याने पुढची चाके तिरकी होतात हे खरे. परंतु रस्त्याने चाकांना धरून ठेवले नाही, तर तिरकी झालेली चाकेही सरळच घसरत जातील. टायर रस्त्याला बाहेरच्या बाजूस रेटतो आणि रस्ता टायरला आतल्या बाजूस रेटतो. ही देवघेव घडवून आणते ते घर्षण. सपाट रस्त्यावरील वळणावर घर्षण हीच मोटारीची दोरी होय. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तिचा विसर पडतो.

घर्षणाचे नाव लोकांत फारसे चांगले नाही. बैलगाडीचा आख कुरकुरू लागला, की घर्षणाला दोष देऊन वंगण घातले जाते. यंत्रे झिजतात, तापतात, इंधन वाया जाते, तेही घर्षणामुळे. दोन माणसांतील कुरबुरीलाही घर्षण हाच शब्द लावला जातो. पण घर्षण नसते, तर मनुष्याला एक पाऊलही टाकता आले नसते. शेवाळलेल्या घाटाच्या पायरीवर ज्याचा पाय एकदा निसटला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको. घर्षण हा असा एक सेवक आहे, की जो कामावर असताना कोणाच्या लक्षात येत नाही आणि काम सोडून गेला म्हणजे मात्र हाहाकार उडतो.

या सेवकाचे सामर्थ्य अमर्याद नाही, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. 1699 साली आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने घर्षणाचे नियम मांडले, आणि पुढे 1785 साली कूलोम याने त्यांचा अधिक सखोल अभ्यास प्रसिद्ध केला. घर्षण हे वस्तू पृष्ठभागाला किती भाराने दाबते यावर आणि एकमेकांस लागलेले पृष्ठभाग कसे आहेत यावर अवलंबून असते, असे त्यांना दिसून आले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर टायरला मिळणारे जास्तीत जास्त घर्षण गाडीच्या वजनाच्या सुमारे सात दशांश धरले, तर ओल्या रस्त्यावर ते चार दशांशापर्यंत उतरू शकते. तेल सांडलेल्या किंवा चिखल पसरलेल्या जागी ते एक दशांशावरही येऊ शकते.

आता 50 मीटर त्रिज्येचे एक सपाट वळण घ्यावे. हिशेब केला असता असे दिसते, की वरील कोरड्या रस्त्यावर ताशी सुमारे 66 किलोमीटर वेगापर्यंत अदृश्य दोरी टिकते. पाऊस पडला, की ही मर्यादा ताशी सुमारे 50 किलोमीटरवर येते; आणि तेलकट जागेवर ती ताशी अवघ्या 25 किलोमीटरवर उतरते. आणखी एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. वेग दुप्पट केला, तर वळण्यास लागणारे बल दुप्पट होत नाही, ते चौपट होते. ताशी 30 किलोमीटर वेगाने सहज पार पडलेले वळण 60 किलोमीटर वेगाने घेणारा चालक त्या दोरीवर चौपट ताण देत असतो. 'थोडासाच तर वेग वाढविला' असे तो म्हणतो. निसर्गाच्या वहीत मात्र तो 'थोडासा' फार मोठा मांडला जातो.

यावर काही लोक म्हणतात, की जड गाडी रस्त्याला घट्ट धरून असते, तिला घसरण्याचे भय नाही. हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. कारण वजन वाढले की घर्षण वाढते, हे खरेच आहे. परंतु जड गाडीला वळविण्यासाठी लागणारे बलही त्याच प्रमाणात वाढते. जमेच्या बाजूस जेवढी भर पडते, तेवढीच खर्चाच्या बाजूस पडते आणि हिशेब जेथल्या तेथे राहतो. उलट, माल उंच रचलेला ट्रक घसरण्यापूर्वी उलटण्याचाच संभव अधिक.

दुसरे कोणी आपल्या उत्तम ब्रेकवर विसंबतात. पण ब्रेक लावून गाडी थांबते तीही घर्षणानेच. वळणाच्या ऐन मध्यावर जोराने ब्रेक दाबला, तर त्याच एका दोरीला गाडी वळविण्याचे आणि थांबविण्याचे अशी दोन कामे एकदम करावी लागतात. चाके फिरावयाची थांबून घसटत निघाली, तर घर्षण आणखी कमी होते आणि सुकाणू हाती असून नसल्यासारखे होते. म्हणून वेग कमी करावयाचा तो वळण येण्यापूर्वी, हीच खरी रीत. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात कितीही तयार झाला असला, तरी कुशल हात दोरीचा उपयोग नीट करील. तुटलेली दोरी जोडणे त्याच्याही शक्तीबाहेरचे आहे.

ज्यांनी या नियमांपुढे नम्र होऊन कामे केली, त्यांनी डोंगरही सुगम केले. बोरघाटातून आगगाडी 1863 साली धावू लागली. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते, तेव्हा घर्षण थोडकेच मिळते. म्हणून चढावर इंजिनाच्या चाकांपुढे रुळावर वाळू सोडण्याची युक्ती रेल्वेने योजली. वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा किंचित उंच बसवितात. मोठे रस्तेही वळणावर बाहेरच्या कडेला उचललेले असतात. असे केल्याने रस्ताच गाडीला थोडासा आत लोटतो आणि घर्षणावरचा भार हलका होतो. टायरवर खाचा असतात, त्या चाकाखालचे पाणी बाहेर निघून जावे म्हणून. अशा शेकडो लहान योजनांनी प्रवाशांचे प्राण रोज राखले जातात. परंतु झिजून गुळगुळीत झालेला टायर वेळेवर न बदलणारा मनुष्य हे सर्व शहाणपण चार पैशांसाठी मातीत घालतो.

जबाबदारी एकट्या चालकाचीच आहे, असेही नाही. रस्त्यावर तेल सांडून तसेच पुढे जाणारा आणि बांधकामाची वाळू वळणावर पसरू देणारा मनुष्य कोणा अनोळखी प्रवाशाची दोरी आपल्या हाताने कापीत असतो. पहिल्या पावसात धूळ व तेल पाण्यात मिसळून रस्ता विशेष निसरडा होतो. त्या दिवशी घरून चार मिनिटे आधी निघणे हा शहाणपणा होय. मागच्या बाकावर बसून 'आणखी जोरात!' असा हट्ट धरणारी मुले आणि पुढची गाडी मागे टाकावी म्हणून चालकाला चिथावणारे थोर, हेही या दोषातून सुटत नाहीत. घाटात गाडी सावकाश नेणाऱ्याला भित्रा म्हणून हसण्याची रीत अगदी टाकून दिली पाहिजे. तो भित्रा नसतो. तो हिशेब जाणणारा असतो.

माणसांच्या कायद्यात दंड भरून सुटका होते, कधी समज देऊन सोडून दिले जाते. निसर्गाच्या कायद्यात तशी सोय नाही; तेथे क्षमा नाही, वशिला नाही आणि अपीलही नाही. पण तो कायदा अन्यायीही नाही. तो गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही, आपले नियम लपवून ठेवीत नाही आणि ते कधी बदलीतही नाही. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी न्यूटनने ते जगापुढे उघडे करून ठेवले आहेत. वळणावरची पाटी त्याच नियमांची एक छोटीशी आठवण आहे. तिचा मान राखणारा मनुष्य पोलिसाला भितो असे नाही. गाडीतील सर्वांना सुखरूप घरी पोचविण्याचे आपले वचन तो पाळीत असतो.